एसीचं पाणी: येतं कुठून, अडतं कुठे

"गॅस गेलाय. भरावा लागेल."

दोन वर्षांपूर्वी जुलैत डोंबिवलीला मावशीकडे हे वाक्य ऐकलं. बेडरूममधल्या एसीतून पाणी टपकत होतं, खाली परात ठेवली होती आणि थेंबांचा आवाज होऊ नये म्हणून परातीत जुना पंचा. मेकॅनिकने जाळी काढली, आत टॉर्च मारला आणि निकाल दिला. मावशीने पेन्शनमधले अडीच हजार रुपये मोजले. खोली आधीही चांगली गार होत होती, नंतरही तेवढीच गार झाली. चौथ्या दिवशी परात पुन्हा जागेवर आली.

खरं कारण बाल्कनीत सापडलं. एसीचं पाणी खालच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीवर पडू नये म्हणून मावशीने ड्रेन पाईपचं टोक पाण्याच्या वीस लिटरच्या कॅनमध्ये सोडलं होतं. कॅन भरत आला की टोक पाण्यात बुडायचं, पाईपमध्ये हवा कोंडायची आणि वरून येणारं पाणी मधेच अडून राहायचं. दुसऱ्या मेकॅनिकने पाईप चार बोटं वर उचलला. भसकन पाणी आलं आणि घरातलं टपकणं थांबलं. त्याने पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

त्या अडीच हजारांचं मला अजून वाईट वाटतं, कारण दर पावसाळ्यात ते कितीतरी घरांतून असेच जातात. एसीतून पाणी येताना दिसलं की आपण बिघाड गृहीत धरतो. मग कोणी सांगेल ते कारण पटतं.

या यंत्राचा जन्मच मुळी पाणी काढण्यासाठी झाला. 1902 साली न्यू यॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात उन्हाळ्याच्या दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा. रंगीत छपाईत एकेक रंग स्वतंत्रपणे चढवावा लागे आणि कागद एवढासा जरी हलला तरी रंग एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरियर नावाच्या 25 वर्षांच्या इंजिनिअरने त्यावर उपाय काढला: हवा थंड नळ्यांवरून फिरवायची, तिच्यातली वाफ नळ्यांवरच पाणी होऊन गळून जाऊ द्यायची आणि हवेची सापेक्ष आर्द्रता 55 टक्क्यांवर धरून ठेवायची. माणसांना गारवा मिळावा हा हेतू नंतरचा. तुमच्या भिंतीवरचा एसी आजही तेच करतो. त्यामुळे पाणी का येतं यापेक्षा, ते ज्या वाटेने जायला हवं ती वाट सोडून खोलीत का येतं, हे विचारायला हवं.

"पाणी एसीच्या आतलं असतं"

कूलरमध्ये आपण पाणी भरतो, म्हणून एसीतही कुठेतरी टाकी असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. घरच्या स्प्लिट किंवा विंडो एसीत टाकी नसते. पाणी येतं ते खोलीतल्या हवेतून.

माठ आणि तांब्या शेजारी ठेवून पाहा. दोघांची पाठ ओली दिसते, पण ओल वेगळी. माठाचं पाणी आतून झिरपून बाहेर येतं. बर्फाचं पाणी भरलेल्या स्टीलच्या तांब्यातून काहीच झिरपत नाही, तरी तो बाहेरून घामेजतो. ते पाणी हवेतलं. दमट हवा थंड धातूला टेकली, की तिला सगळी वाफ धरून ठेवता येत नाही आणि जास्तीची वाफ थेंब होऊन धातूवर बसते. हुरड्याच्या दिवसांत पहाटे ज्वारीच्या पानांवर दव पडतं तेही असंच. ज्या तापमानाला हे घडतं त्याला दहावीच्या विज्ञानात आपण दवबिंदू तापमान म्हणतो. मुंबईच्या पावसाळ्यात ते सहज 24 ते 26 अंशांच्या आसपास असतं. एसीच्या कॉइलचं, म्हणजे आतल्या थंड नळ्यांचं, तापमान दहा-बारा अंशांच्या आगेमागे. कॉइल ओली होणारच.

किती ओली? हवा 30 अंशांची असेल आणि आर्द्रता 80 टक्के, तर एका घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली साधारण 34 घनमीटरची. म्हणजे दार लावलेल्या त्या खोलीच्या हवेत 800 ग्रॅमहून थोडं जास्त पाणी तरंगत असतं. खोली 25 अंश आणि 55 टक्क्यांवर आणायची तर त्यातलं 400 ग्रॅमच्या आसपास काढावं लागतं. मग रात्रभरात बादली कशी भरते? कारण खोली हवाबंद नसते. दाराच्या फटीतून, बाथरूममधून नवी दमट हवा येत राहते. झोपलेला माणूसही श्वासातून आणि त्वचेतून तासाला 40 ते 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. खोलीत ओले कपडे वाळत घातले असतील तर ते सगळं पाणी शेवटी कॉइलवरच येतं. दीड टनाच्या एसीतून कुंद दिवशी तासाला लिटर-दीड लिटर पाणी आलं तर त्यात काही चुकीचं नाही.

टन म्हणजे एसीचं वजन, हाही एक जुना समज. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी ओढण्याची ताकद म्हणजे एक टन. दीड टनाचा एसी तासाला सुमारे 57 किलो बर्फाचं काम करतो. आणि हवेतली एक लिटर पाण्याएवढी वाफ पाण्यात उतरवायला सात किलोंहून जास्त बर्फाची थंडाई लागते. पावसाळ्यात खिडकीची फट उघडी ठेवली, की एसीची बरीचशी ताकद खोली गार करण्यात न जाता बाहेरची हवा पिळण्यात जाते. वीजबिलात ते दिसतं.

"पाणी गळतंय म्हणजे गॅस गळतोय"

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच, म्हणून याच्याबद्दल जरा सविस्तर.

आजकालच्या बहुतेक घरगुती एसीत आर-32 हा गॅस असतो. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे 52 अंशांच्या जवळपास उकळतो. म्हणजे तो नळीतून सुटलाच तर क्षणात वायू होऊन उडून जाईल, थेंब बनून तुमच्या उशीवर पडणार नाही. टपकणारं पाणी आणि गॅस या दोन वेगळ्या वाटा आहेत. गॅस तांब्याच्या बंद नळ्यांत फिरतो, पाणी त्या नळ्यांच्या बाहेरच्या अंगावर जमतं.

गॅस दरवर्षी भरायचा असतो, असंही अनेक जण मानतात. गाडीत पेट्रोल जळतं तसा गॅस जळत नाही. बंद चक्रात तोच तो पुन्हा फिरतो, आणि जोड नीट असतील तर वर्षानुवर्षं पुरतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहेच. ती शोधून बुजवल्याशिवाय वर गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. त्यामुळे कोणी "गॅस कमी आहे" म्हणालं तर दोन गोष्टी मागा: गेज लावून दाब दाखवा, आणि गळती कुठे आहे ते दाखवा. जोडांवर साबणाचं पाणी लावलं की गळतीच्या जागी बुडबुडे येतात. हे काम तुमच्या डोळ्यांसमोर होऊ शकतं. आर-32 थोडाफार ज्वलनशील आहे, तेव्हा भरण्याचं काम ओळखीच्या, शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

तरीही गॅस आणि पाणी यांचा एक खरा संबंध आहे आणि तो लपवून चालणार नाही. गॅस कमी झाला की कॉइलच्या एका भागाचं तापमान शून्याखाली जातं आणि तिथे बर्फ धरतो. एसी बंद केल्यावर तो बर्फ एकदम वितळतो, कॉइलखालच्या छोट्याशा ट्रेमध्ये मावत नाही आणि पाणी खोलीत सांडतं. पण मग सोबत गारवाही कमी झालेला असतो. खोली पूर्वीसारखीच गार होत असेल आणि तरी पाणी येत असेल, तर गॅसचा संशय शेवटी घ्या. मावशीच्या घरी हा एवढाच प्रश्न आम्ही विचारायला हवा होता.

"बर्फ धरलाय, म्हणजे कूलिंग जोरात आहे"

उलट आहे. बर्फाचा थर हवेची वाट अडवतो, खोली गार होत नाही आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. गॅस पुरेसा असूनही बर्फ धरला, तर बहुतेक वेळा दोष धुळीने गच्च झालेल्या जाळीचा असतो. कॉइलवरून पुरेशी हवाच फिरत नाही. स्क्रूड्रायव्हरने बर्फ टोकरू नका. कॉइलची नळी आणि पत्रे नाजूक असतात, एका भोकाने खरंच गॅस जाईल. कूलिंग थांबवा, नुसता फॅन मोड चालू ठेवा, खाली परात लावा आणि बर्फ आपोआप उतरू द्या. मग जाळी धुवा, पूर्ण वाळवा आणि बसवा. मुंबई-पुण्यात शेजारी बांधकाम चालू असेल तर दर पंधरा दिवसांनी जाळी धुतली तरी ती जास्त होत नाही.

वाट कुठे अडते

कॉइलवरचे थेंब खालच्या ट्रेमध्ये उतरतात, ट्रेच्या एका टोकाच्या भोकातून ड्रेन पाईपमध्ये आणि तिथून बाहेर. स्प्लिट एसीत हे पाणी कोणताही पंप ढकलत नाही. फक्त उतारावर सगळं चालतं, कौलारू घराच्या पन्हळीसारखं. म्हणून बहुतेक तक्रारी याच तीन-चार फुटांत मिटतात, असा माझा अनुभव आहे.

ट्रेमध्ये जेलीसारखा चिकट गाळ साचतो. लोक त्याला शेवाळ म्हणतात, पण शेवाळाला उजेड लागतो आणि एसीच्या आत तो नसतो. ती हवेतली धूळ, बुरशी आणि जिवाणू यांची मिळून झालेली साय आहे. हिवाळाभर बंद राहिलेल्या एसीत ती वाळून खपली होते आणि मार्च-एप्रिलमध्ये एसी चालू केला की सुटून भोकात अडकते. मोसमाआधीच्या सर्व्हिसमध्ये जेट पंपाने कॉइल धुतली जाते, तेव्हा तिथेच उभं राहून ट्रे आणि पाईपही धुवायला सांगा. धुतलेलं पाणी बाहेरच्या टोकातून मोकळं येतंय का, हे स्वतः पाहा.

पुष्कळदा पाईप स्वच्छ असतो पण त्याची वाट चुकलेली असते. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडायला हवं. ते सपाट किंवा आत उतरतं पाडलं तर एसीचं पाणी तर जात नाहीच, पावसाचं पाणीही त्यातून आत येतं आणि आपण एसीला दोष देतो. पावसाची झड आली की पाणी येत असेल, एसी बंद असतानाही येत असेल, तर भोकाभोवतीची लांबी किंवा पुट्टी निघाली आहे का ते आधी बघा. पीओपीच्या छतात लपवलेला पाईप मधे झोळीसारखा लोंबला तर तिथे पाणी साचतं. आणि मावशीसारखं टोक पाण्यात बुडालं तर काय होतं, ते सांगून झालंच. काही घरांत हा पाईप सरळ सांडपाण्याच्या नळीला जोडलेला असतो. मधे पाणी धरून ठेवणारं वळण (ट्रॅप) नसलं तर गटाराचा वास त्याच पाईपने उलटा खोलीत येतो आणि लोक एसीचा गॅस सडला असं समजतात.

घरच्या घरी करता येण्यासारखं एवढंच: आधी एमसीबी पाडा. नुसतं रिमोटने बंद करणं पुरेसं नाही, आतल्या युनिटमध्ये इलेक्ट्रॉनिक पट्टी असते आणि पाणी तिच्यावर गेलं तर खरा मोठा खर्च उभा राहतो. मग पाईपचं बाहेरचं टोक मोकळं करा. पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर घरात असेल तर बाहेरच्या टोकाला लावून गाळ ओढून काढा. तोंडाने फुंकू नका, आतल्या घाणीचा फवारा तुमच्याच चेहऱ्यावर येईल. ॲसिड, फिनेल, कपड्यांचं ब्लीच ओतणं टाळा. कॉइलवर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे असतात, ते खराब होतात. एवढ्याने नाही भागलं तर माणूस बोलवा. आणि कृपा करून टपकण्याच्या जागी एमसील लावू नका. पाणी दुसरीकडून फुटतं, बहुतेक वेळा भिंतीच्या आतून.

"एसी थोडा कलता बसवायचा असतो"

हे विंडो एसीला लागू आहे. त्याची मागची बाजू अगदी किंचित खाली ठेवतात, म्हणजे पाणी घराबाहेर जातं. स्प्लिटचं आतलं युनिट मात्र पाणसळ लावून सपाट बसवायचं. त्याच्या ट्रेला लागणारा उतार आतच घडवलेला असतो. युनिट पाईपच्या उलट बाजूला झुकलं तर ट्रे त्या कोपऱ्यातून भरून वाहतो. नव्या एसीने पहिल्याच आठवड्यात पाणी टाकलं, तर बसवणाऱ्याला परत बोलवा आणि पाणसळ लावून दाखवायला सांगा.

विंडो एसीबद्दल आणखी एक. आतून येणारा चपचप आवाज ऐकून काही जण तळाला भोकं पाडून घेतात. अनेक विंडो एसींत मागच्या पंख्याला एक कडं असतं. ते तळातलं पाणी उचलून गरम कॉइलवर उडवतं, पाणी वाफ होऊन जाताना कॉइलची उष्णता घेऊन जातं आणि एसी जास्त चांगला चालतो. ती चपचप मुद्दाम ठेवलेली आहे.

"16 वर ठेवला की लवकर गार होतं"

रिमोटवरचा आकडा म्हणजे कुठे थांबायचं ते, किती वेगाने पळायचं ते नव्हे. साध्या एसीचा कॉम्प्रेसर 16 वर आणि 24 वर सारख्याच ताकदीने चालतो, फक्त 16 वर तो थांबत नाही. मुंबईच्या जुलैत दार उघडं, पंख्याचा वेग कमी आणि आकडा 16, असं रात्रभर चाललं तर एसीची पुढची झडपसुद्धा तांब्यासारखी घामेजते आणि तिच्या टोकावरून थेंब पडतात. इथे काहीच बिघडलेलं नसतं. दारं-खिडक्या लावा, पंख्याचा वेग वाढवा, 25-26 वर आणा. थेंब थांबतील. भारतात 1 जानेवारी 2020 पासून स्टार रेटिंगच्या खोलीच्या एसींचं मूळ सेटिंग 24 अंश ठेवणं बंधनकारक झालं ते वीज वाचावी म्हणून, पण पाण्याच्या बाबतीतही त्याचा उपयोग होतो.

ड्राय मोड लावला म्हणजे पाणी यायला नको, असं नावावरून वाटतं. ड्राय म्हणजे हवा कोरडी करणं, आणि हवा कोरडी झाली की काढलेलं पाणी बाहेर येणारच.

"पाणी येत नाही, म्हणजे एसी बिघडला"

नागपुरात मे महिन्यात दुपारी 43 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर घनमीटरभर हवेत जेमतेम नऊ ग्रॅम पाणी असतं. मुंबईच्या 33 अंश आणि 65 टक्क्यांच्या हवेत तेच सुमारे 23 ग्रॅम. नागपूरची हवा दहा अंशांनी जास्त तापलेली असूनही तिच्यात निम्म्याहून कमी पाणी. म्हणून तिथे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उन्हाळाभर उत्तम चालतो आणि एसीच्या पाईपमधून थेंबही येत नाही, दोन्हींचं कारण तेच. पावसाळा लागला की कूलर कुचकामी ठरतो आणि त्याच एसीचा पाईप वाहू लागतो. मुंबईत मात्र जुलैत खोलीतही पाणी नाही आणि पाईपमधूनही नाही, तर चौकशी करा.

गाडीचंही असंच. पावसाळ्यात एसी लावून प्रवास केला की गाडीखाली थारोळं दिसतं. ते रंगहीन, वासहीन असेल तर एसीचं पाणी आहे, निर्धास्त राहा. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी, चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट आहे, गाडी लगेच दाखवा. बाहेर पाणी पडत नाही आणि शेजारच्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलं आहे, तर गाडीची ड्रेन नळी तुंबली आहे.

"हे पाणी शुद्ध असतं"

वाफेतून आल्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून काही जण ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात, तर कोणी पिण्यालायक म्हणूनही सांगतात. दोन्ही करू नका. ते धूळ बसलेल्या कॉइलवरून आणि त्या चिकट सायीतून वाहत येतं. त्यात जिवाणू असतात, धातूचा अंशही असू शकतो. फरशी पुसायला, संडासात टाकायला, शोभेच्या झाडांना ते चांगलं. फक्त बादली उघडी साचू देऊ नका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात, तेव्हा बादली नुसती पालथी करू नका, काथ्याने घासा.

मावशीच्या इमारतीत खालच्या-वरच्यांची या पाण्यावरून बरीच बोलाचाली झाली होती. शेवटी सगळ्यांनी वर्गणी काढून मागच्या बाजूने पीव्हीसीचा एक उभा पाईप खालपर्यंत आणला आणि आवारातल्या कर्दळीच्या वाफ्यात सोडला. प्रत्येक मजल्यावरचा ड्रेन पाईप त्याच्या तोंडात सैल अडकवला आहे, घट्ट बसवलेला नाही, आणि वरचं टोक उघडं ठेवून त्यावर जाळी बांधली आहे. पाणी खाली उतरायचं तर पाईपमध्ये हवेलाही जागा लागते.